दुर्वासपुरातली अँटिगनी

दुर्वासपूर नावाच्या अग्रहारात, म्हणजे ब्राह्मणवस्तीत, एक ब्राह्मण मरून पडला आहे आणि त्याला अग्नी द्यायला कोणी पुढे येत नाही. नारणप्पा शिवमोग्ग्याहून ताप घेऊन परतला, अंगावर गाठ उठली आणि संपला. हयातभर त्याने अग्रहाराच्या नाकावर टिच्चून मांस खाल्ले, दारू प्यायली, घरातला शाळिग्राम नदीत फेकला, लग्नाची बायको टाकून चंद्री नावाच्या परजातीच्या बाईला घरात आणले. तरीही त्याला कोणी वाळीत टाकले नव्हते, कारण तसे केले तर मुसलमान होईन, ही त्याची धमकी होती. त्यामुळे तो मेला तो ब्राह्मण म्हणूनच. आता प्रेत घरात असेपर्यंत कोणाची चूल पेटायची नाही, देवाला फूल चढायचे नाही. आणि प्रेताला हात लावावा, तर बाटण्याची भीती. प्रेत कुजू लागते, उंदीर मरून पडतात, गिधाडे छपरांवर येऊन बसतात.

ही यू. आर. अनंतमूर्ती यांच्या ‘संस्कार’ (१९६५) या कन्नड कादंबरीची आणि तिच्यावरून पट्टाभिराम रेड्डी यांनी १९७० साली केलेल्या चित्रपटाची कथा. त्यात ग्रीसचे नाव नाही, सोफोक्लीसचा उल्लेख नाही. तरीही ग्रीक शोकांतिका भारतीय पडद्यावर खऱ्या अर्थाने कुठे उतरली, असे विचारले तर सर्वांत आधी याच चित्रपटाकडे बोट दाखवावे लागते. हे विधान धाडसाचे वाटेल, म्हणून ते नीट मांडून दाखवायला हवे.

सोफोक्लीसची ‘अँटिगनी’ इसवी सनपूर्व ४४१ च्या सुमारास अथेन्समध्ये सादर झाली. थीब्जच्या वेशीवर दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या हातून मरतात. नगराच्या बाजूने लढलेल्याला सन्मानाने मूठमाती मिळते. नगरावर चालून आलेल्या पॉलिनिसीसचे प्रेत उघड्यावर कुत्र्या-गिधाडांसाठी टाकून द्यावे, असा राजा क्रेऑनचा हुकूम निघतो. बहीण अँटिगनी तो हुकूम मोडून भावावर माती टाकते आणि त्याची किंमत जिवाने मोजते. सोफोक्लीसच्याच ‘ईडिपस’मध्ये थीब्जवर साथ कोसळली आहे. कोणाच्या पापामुळे हे ओढवले, याचा शोध घ्यायला शहाणा राजा निघतो आणि शोध संपतो तो त्याच्या स्वतःपाशी.

एका नाटकात अंत्यविधीविना पडलेले प्रेत, दुसऱ्यात साथ. दुर्वासपुरात दोन्ही एकाच वेळी हजर आहेत. काशीत शिकून आलेला, वेदान्तात ज्याचा हात धरणारा कोणी नाही असा प्राणेशाचार्य इथे ईडिपसच्या जागी बसतो. साऱ्या अग्रहाराचे डोळे त्याच्याकडे लागलेले. तो पोथ्या उलगडतो, मारुतीच्या देवळात कौलासाठी तिष्ठत बसतो. देव बोलत नाही. परतीच्या वाटेवर, काळोख्या रानात, तो आणि चंद्री एकमेकांच्या जवळ येतात. नारणप्पाचा निवाडा करायला बसलेला माणूस क्षणात नारणप्पाच्या रांगेत जाऊन उभा राहतो. आणि ज्या प्रेतावर शास्त्रार्थ चालला होता, त्याला चंद्री एका मुसलमान मासळीवाल्याच्या मदतीने रातोरात अग्नी देते आणि गाव सोडून जाते. तिने कोणाची परवानगी घेतलेली नाही, कोणाशी वाद घातलेला नाही.

हा योगायोग मानायचा का? या चित्रपटाभोवतीची माणसे कोण होती, ते पाहिले की तसे म्हणवत नाही.

प्राणेशाचार्याची भूमिका गिरीश कर्नाड यांनी केली. माथेरानला जन्मलेल्या या लेखकाचे पहिले नाटक ‘ययाति’ १९६१ साली प्रसिद्ध झाले. कथा महाभारतातली, पण तिचा घाट आपल्याला लहानपणी पाहिलेल्या पौराणिक नाटकांनी दिलेला नाही, तो आनुईची ‘अँटिगनी’, सार्त्र, ओनील आणि ग्रीक नाटककार यांच्याकडून आला, हे कर्नाडांनी स्वतः लिहून ठेवले आहे. नारणप्पा झाले पी. लंकेश. पडद्यावर ज्याच्या प्रेताला अग्नी मिळत नाही, त्या नटाने पाठोपाठ ‘ईडिपस’ आणि ‘अँटिगनी’ ही दोन्ही नाटके कन्नडमध्ये आणली. १९७२ मध्ये बी. व्ही. कारंत यांनी बंगळुरूत जी तीन नाटके बसवली आणि कन्नड रंगभूमीला नवे वळण दिले, त्यांत लंकेशांचा ईडिपस होता. शेजारी लंकेशांचेच ‘संक्रांती’ आणि चंद्रशेखर कंबारांचे ‘जोकुमारस्वामी’. शहराच्या एकाच हंगामात थीब्जचा राजा आणि उत्तर कर्नाटकातला लोकदेव एका पंगतीला बसले.

ही वाट त्याच्याही आधी मळलेली होती. म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात इंग्रजी शिकवणारे बी. एम. श्रीकंठय्या यांनी १९२९ साली ‘अश्वत्थामन्’ लिहिले. मूळ नाटक सोफोक्लीसचे ‘अजॅक्स’; पण अपमानाने वेडापिसा झालेल्या ग्रीक योद्ध्याच्या जागी त्यांनी अश्वत्थामा उभा केला. जखम घेऊन हिंडणारा हा योद्धा कन्नड प्रेक्षकाच्या घरचाच होता. पुढे १९३५ मध्ये त्यांनी एस्किलसचे ‘पर्शियन्स’ही कन्नडमध्ये आणले. म्हणजे अनंतमूर्तींच्या पिढीला ग्रीक शोकांतिका परकी राहिलेली नव्हती. ती कॉलेजातल्या शिकवणीतून, नाटकांतून अंगी मुरलेली होती. कादंबरीला तात्काळ निमित्त झाले ते मात्र एका चित्रपटाचे. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला शिकत असताना अनंतमूर्तींनी बर्गमनचा ‘द सेव्हन्थ सील’ उपशीर्षकांशिवाय पाहिला. मध्ययुगीन युरोपातली प्लेगची साथ आणि देवाचे मौन त्यांच्या मनात कर्नाटकातल्या मलनाडच्या अग्रहारात येऊन उतरले.

अनंतमूर्तींनी अँटिगनी समोर ठेवून कादंबरी लिहिली, असा दावा इथे नाही. दावा वेगळा आहे. ग्रीक शोकांतिकेचे रूपांतर म्हणजे तिच्या कथानकाचा ठसा उमटवणे नव्हे. ज्या भांडणातून ती जन्मली, ते भांडण आपल्या मातीत शोधून काढणे म्हणजे रूपांतर. या कसोटीवर ‘संस्कार’ उतरतो. हुबेहूब कथानक घेणारे कितीतरी चित्रपट उतरत नाहीत.

अथेन्समध्ये शोकांतिका हा नगराचा सोहळा होता. डायोनिससच्या उत्सवात, हजारो नागरिकांसमोर, नगराच्या खर्चाने आणि श्रीमंतांकडून वसूल केलेल्या निधीतून ही नाटके होत. कोरसमध्ये गाणारे-नाचणारे नागरिकच असत आणि निकालही नागरिकांतून निवडलेले पंच देत. अथेन्सने मेलॉस बेटावरच्या पुरुषांची कत्तल करून बायका-मुलांना गुलाम केले, त्यानंतर काही महिन्यांतच, इसवी सनपूर्व ४१५ मध्ये, युरिपिडीसने ‘ट्रोजन विमेन’ त्याच अथेन्सकरांपुढे ठेवले. हरलेल्या नगराच्या बायकांचा आक्रोश जिंकणाऱ्यांना बसून ऐकावा लागला. शोकांतिकेचा प्राण इथे आहे. प्रेक्षकाला तिथे दुसऱ्याच्या दुःखावर अश्रू ढाळून सुटका नव्हती. तो स्वतःच आरोपी होता.

विसाव्या शतकातल्या ज्या दिग्दर्शकांना हे उमगले, त्यांचे चित्रपट अजून टिकून आहेत. मायकेल काकोयानिस यांनी ‘इलेक्ट्रा’ (१९६२), ‘द ट्रोजन विमेन’ (१९७१) आणि ‘इफिजेनिया’ (१९७७) अशी तीन युरिपिडीसची नाटके पडद्यावर आणली. पहिल्यात इरीन पापास ही इलेक्ट्रा झाली आणि काळ्या वस्त्रांतल्या खेडुत बायका ग्रीसच्या उघड्या माळावर कोरस होऊन उभ्या राहिल्या. पाझोलिनीने ‘ईडिपस’ (१९६७) मोरोक्कोच्या वाळवंटात नेला, पण सुरुवात केली ती फॅसिझमच्या काळातल्या इटलीत आणि शेवट स्वतःच्या काळातल्या बोलोन्यात. थिओ अँजेलोपुलोसच्या ‘द ट्रॅव्हलिंग प्लेयर्स’ (१९७५) मध्ये अ‍ॅट्रियसच्या घराण्याची सूडकथा १९३९ ते १९५२ च्या ग्रीसमध्ये गावोगाव हिंडणाऱ्या नाटक मंडळीत घडते. जर्मन ताबा आणि यादवी युद्ध त्यांच्या तंबूपर्यंत येऊन ठेपते. अलीकडे सोफी डेरास्पने अँटिगनीला मॉन्ट्रियलमधल्या एका निर्वासित कुटुंबात नेले (२०१९). पोलिसांच्या गोळीने एक भाऊ मेला आहे, दुसऱ्याला देशाबाहेर घालवण्याची तयारी चालली आहे आणि कोरसची जागा समाजमाध्यमांवरच्या गजबजाटाने घेतली आहे.

रूपांतरकाराचा खरा कस लागतो तो कोरसपाशी. रंगमंचावर पंधरा माणसे एका सुरात बोलली तर चालते. पडद्यावर तेच कृत्रिम वाटते. म्हणून बहुतेकांनी कोरस कापून टाकला, आणि त्याबरोबर नगरही कापले गेले. उरले एक घर, एक नवरा, एक बायको, एक सूड. ‘संस्कार’मध्ये कोरस आहे, आणि तो कोणी मुद्दाम उभा केल्यासारखा वाटत नाही. ओटीवर उपाशी बसलेले ब्राह्मण हाच तो कोरस. चंद्री अंगावरचे दागिने काढून संस्काराच्या खर्चासाठी पुढे ठेवते, आणि आतापर्यंत बाटण्याच्या भीतीने मागे सरणाऱ्यांपैकी काहींना अचानक आपले नारणप्पाशी असलेले नाते आठवते. भूक, लोभ, भीती आणि धर्म एकाच ओटीवर एकमेकांत मिसळतात. मराठी प्रेक्षकाला हे दृश्य अनोळखी नाही. कारंतांचा ईडिपस बंगळुरूत झाला, त्याच १९७२ साली पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’च्या ब्राह्मणांची मानवी भिंत रंगमंचावर उभी राहिली. क्षणात भिंत, क्षणात जमाव, क्षणात साक्षीदार. तिला कोणी ग्रीक म्हटले नाही, पण कोरस म्हणजे काय ते मराठी माणसाला त्या भिंतीने पुस्तकांपेक्षा जास्त शिकवले.

दुसरी कसोटी हिंसेची. ग्रीक रंगमंचावर खून सहसा दिसत नसे. तो आत घडे, मग दूत येऊन सांगे किंवा दार उघडून प्रेत दाखवले जाई. सिनेमाला सगळे दाखवता येते, म्हणून तो सगळे दाखवतो आणि तिथेच हरतो. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’चा (२०१६) शेवट आठवावा. जातीबाहेर लग्न केलेल्या आर्ची आणि परशाचा खून होताना दिसत नाही. लहानगे पोर शेजारणीकडून घरी येते, दार उघडे असते, आणि नंतर दिसतात ती त्याच्या रक्ताळलेल्या पावलांची चिन्हे. तिथला सन्नाटा हे मराठी सिनेमाने ग्रीक शोकांतिकेशी सांगितलेले सर्वांत जवळचे नाते आहे. याच कथेवरून कन्नडमध्ये ‘मनसु मल्लिगे’ (२०१७) हा चित्रपट निघाला आणि त्यातही रिंकू राजगुरूच नायिका होती. दुर्वासपूरचा जातीचा प्रश्न अशा रीतीने महाराष्ट्रातून पुन्हा कर्नाटकात गेला.

इथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो. भारतीय परंपरेत शोकांतिका नाही. नाट्यशास्त्राने रंगमंचावर मरण वर्ज्य केले. कर्म आणि पुनर्जन्म मानणाऱ्या समाजाला ईडिपसची व्यथा कळणार कशी? संस्कृत नाटकापुरते यात बरेच तथ्य आहे, भासाचे ‘ऊरुभंग’ हा ठळक अपवाद धरूनही. पण संस्कृत नाटक म्हणजे भारतीयांची सगळी समज नव्हे. युद्धानंतर कुरुक्षेत्रावर आपली माणसे शोधत फिरणाऱ्या गांधारी आणि कुरुस्त्रिया ‘ट्रोजन विमेन’च्या सख्ख्या बहिणी आहेत. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये महाभारत वाचले ते चमत्कार आणि दैवी समर्थने बाजूला सारून, माणसांच्या चुकांची आणि त्यांच्या न टळणाऱ्या परिणामांची कथा म्हणून. ‘युगान्त’ वाचलेल्या मराठी वाचकाला सोफोक्लीस परका वाटण्याचे काही कारण नाही.

फरक आहेत, आणि ते झाकून चालणार नाही. क्रेऑनचा कायदा अंत्यविधीला मनाई करतो. दुर्वासपुरातला धर्म अंत्यविधी झालाच पाहिजे म्हणतो, पण करणारा हात मात्र देत नाही. अँटिगनी राजकन्या आहे, मृताची बहीण आहे, देवांच्या अलिखित नियमांचा हवाला देऊन ती राजाला भर दरबारात उत्तर देते. चंद्रीला मृतावर कोणताही मान्य हक्क नाही, बोलायला सभा नाही, हवाला द्यायला देवही नाहीत. अँटिगनी मरते, चंद्री चालू लागते. म्हणूनच ही नक्कल ठरत नाही. जिथे जात माणसाचे मरणही वाटून घेते, त्या समाजात अँटिगनी राजवाड्यातून येणार नाही. ती ज्या घरात तिला बायको म्हणून जागा नाही, त्या घरातून येईल. सोफोक्लीसला हे माहीत असण्याचे कारण नव्हते. अनंतमूर्तींना ते माहीत होते.

याउलट बाह्य साम्य सांभाळून आतले निसटू देणारी उदाहरणेही जवळचीच आहेत. श्यामप्रसाद यांचा मल्याळम ‘इलेक्ट्रा’ (२०१०) ग्रीक कथा उघडपणे स्वीकारतो. नयनतारा, मनीषा कोईराला, प्रकाश राज अशी दमदार नटमंडळी, मध्य त्रावणकोरमधले श्रीमंत घराणे. चित्रपट देखणा आहे, प्रामाणिक आहे. पण आई आणि मुलीचे वैर मनोविश्लेषणाच्या खोलीत जाऊन बसते. सोफोक्लीसची इलेक्ट्रा वाड्याच्या दारात, नगरातल्या बायकांसमोर शोक करते. तिचा शोक ही राज्यकर्त्यांना दिलेली उघड साक्ष असते. दार बंद झाले की साक्ष संपते आणि घरगुती दुःख उरते.

बंगळुरूचे नाट्यदिग्दर्शक अर्जुन सजनानी यांनी कर्नाडांच्या ‘अग्नि मत्तु मळे’वरून केलेला ‘अग्निवर्षा’ (२००२) हा दुसरा नमुना. नाटकात दुष्काळ आहे, वर्षानुवर्षे चाललेला यज्ञ आहे, पितृहत्या आहे आणि भावाने भावावर ढकललेले पाप आहे. एस्किलसला पारखे वाटू नये असे सगळे. हंपीचे दगड, मिलिंद सोमण, सोनाली कुलकर्णी, मोहन आगाशे, जॅकी श्रॉफ, इंद्राच्या रूपात अमिताभ बच्चन. इतके असूनही नजर वैभवावर ठरते आणि नाटकातला कडवट प्रश्न मागे पडतो: पावसासाठी आकाशाकडे पाहणारे लोक जमिनीवर कोणाचा बळी देत आहेत? शृंगेरीजवळच्या एका खेड्यात टॉम कोवन या ऑस्ट्रेलियन छायाचित्रकाराने कृष्णधवल टिपलेल्या ‘संस्कार’कडे असे कोणतेच वैभव नव्हते. त्याच्याकडे प्रश्न होता.

तो प्रश्न किती झोंबला, याचा पुरावा लगेच मिळाला. मद्रासच्या सेन्सॉर मंडळाने चित्रपटावर बंदी घातली. केंद्र सरकारच्या पातळीवर ती उठली, आणि त्याच चित्रपटाला १९७० सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणारा तो पहिला कन्नड चित्रपट.

चंद्रीची भूमिका करणाऱ्या स्नेहलता रेड्डी या दिग्दर्शकाच्या पत्नी, ‘मद्रास प्लेयर्स’च्या संस्थापकांपैकी एक आणि लोहियांच्या विचारांनी भारलेल्या समाजवादी कार्यकर्त्या. आणीबाणीत, मे १९७६ मध्ये, त्यांना अटक झाली आणि बंगळुरूच्या मध्यवर्ती तुरुंगात ठेवले गेले. त्यांना दम्याचा तीव्र विकार होता. त्याच तुरुंगात कोकणातल्या राजापूरचे खासदार मधु दंडवते होते; रात्रीच्या शांततेत स्नेहलतांच्या कोठडीतून येणाऱ्या किंकाळ्या ऐकल्याचे त्यांनी पुढे लिहिले. खटला चालला नाही, गुन्हा शाबीत झाला नाही. प्रकृती ढासळल्यावर १५ जानेवारी १९७७ ला त्यांना पॅरोलवर सोडले आणि पाचच दिवसांनी, २० जानेवारीला, त्या गेल्या. अँटिगनीला क्रेऑनने जिवंतपणी गुहेत कोंडले होते. पडद्यावर चंद्री निसटून गेली. चंद्री झालेली बाई निसटू शकली नाही. तो तुरुंग आता ‘फ्रीडम पार्क’ आहे आणि बंगळुरूच्या नागरिकांचे मोर्चे, धरणी, उपोषणे तिथेच होतात.

प्राणेशाचार्य झालेले कर्नाड १० जून २०१९ रोजी बंगळुरूतच वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे कोणतेही धार्मिक विधी न करता, सरकारी इतमाम नाकारून, कल्पल्लीच्या विद्युतदाहिनीत त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. ज्या प्रश्नावर त्यांनी पडद्यावर पोथ्या चाळल्या, त्याचे उत्तर त्यांनी स्वतःपुरते असे दिले.

मराठीत या विषयाची सामग्री तयार आहे. पु. ल. देशपांडे यांनी ‘राजा ओयदिपौस’ मराठीत आणला. सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’मध्ये (१९७४) मेलेले भाऊराव जुन्या स्मशानाचाच हट्ट धरून बसतात आणि चाळ त्यांच्या भोवती कोरससारखी फिरत राहते. प्रेमानंद गज्वी यांच्या ‘किरवंत’ने अंत्यविधी करणाऱ्या ब्राह्मणालाच बाकीचे ब्राह्मण कसे दूर ठेवतात, ते दाखवले, दुर्वासपूरच्या ओटीवरचा प्रश्न मराठी घरात येऊन बसला. रंगभूमीने आपले काम केले आहे. सिनेमाने अजून केलेले नाही. महाराष्ट्रात कित्येक गावांत आजही जातीजातींची स्मशाने वेगळी आहेत, आणि दलिताच्या प्रेताला वाट अडवल्याच्या बातम्या अधूनमधून येतच असतात. बातमी चार ओळींची असते. त्या चार ओळींत क्रेऑनचा हुकूम आहे, गप्प बसलेला कोरस आहे, आणि कोणाची तरी बहीण किंवा बायको आहे. हे दृश्य थीब्जहून आणायची गरज नाही. ते तालुक्याच्या रस्त्यावर आहे. मराठीतल्या एखाद्या दिग्दर्शकाने ते उचलावे. त्याआधी त्याने, आणि वाचकानेही, ‘संस्कार’ एकदा शांतपणे बसून पाहावा.